उजेड आणि कामाचे तास

इमारतीत येणाऱ्या दिवसाच्या उजेडाचा हिशेब आज आपण वीजबिलात करतो. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास वाचताना मला त्याचा वेगळाच हिशेब सापडला.

कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. मागावर तुटलेला धागा दिसायला भरपूर, पण डोळ्यांवर न येणारा उजेड लागतो. म्हणून विणकामाच्या शेडवर करवतीच्या दातांसारखं छप्पर असे. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन बाहेरच राही आणि आकाशाचा शांत उजेड थेट मधल्या मागापर्यंत पोहोचे.

उजेड असेपर्यंत काम, हा तेव्हाचा रिवाज. मुंबईत दिवस हिवाळ्यात सुमारे 11 तासांचा, उन्हाळ्यात 13 तासांचा. 1905 च्या सुमारास विजेचे दिवे सर्रास झाले आणि अनेक गिरण्यांत कामाचे तास 14-15 वर गेले. सूर्याने घातलेली मर्यादा मोडल्यावर ती कायद्याला घालावी लागली. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी ती 12 तासांची ठरवली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या मजल्यावर सकाळी आणि रात्री उजेड सारखाच असतो. आपल्यापैकी जे ऑफिसं बांधतात किंवा चालवतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे: उजेड आत घ्या. वीज वाचेलच, शिवाय संध्याकाळ झालेली सगळ्यांना दिसेल.