किती दुरून पाहिलं?

उर्दूत ‘मंज़र’ म्हणजे दृश्य आणि ‘मनाज़िर’ हे त्याचं अनेकवचन. हजार वर्षांपूर्वी याच शब्दाने एका ग्रंथाला नाव दिलं. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत ‘किताब अल-मनाज़िर’ लिहिली. सात भागांच्या या ग्रंथात तो सांगतो, की वस्तू केवढी आहे हे डोळ्यापाशी होणाऱ्या कोनावरून एकट्याने ठरत नाही. ती किती दूर आहे हेही कळावं लागतं.

छायाचित्राचं गणितही हेच आहे. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. पुढे त्यांनी आपलं काम नाशिकला आणलं. त्यांच्या मूकपटांचे जे तुकडे आज उरले आहेत, त्यांत माणसं बरेचदा डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, रंगमंचावर दिसावीत तशी.

अशी चौकट साधायला किती मागे जावं लागतं? सिनेमाचं नेहमीचं भिंग ५० मिलिमीटरचं आणि मूकपटाच्या फिल्मवरची चौकट सुमारे १८ मिलिमीटर उंच धरली, तर साडेपाच फुटी माणूस पुरा मावायला कॅमेरा १५ फूट मागे हवा. भिंग १०० मिलिमीटरचं असेल तर ३० फूट. दोन्ही चित्रांत माणूस तेवढाच दिसतो.

बदलतं ते पाठीमागचं. माणसामागे ३० फुटांवर दरवाजा आहे असं समजा. पहिल्या चित्रात दरवाजा कॅमेऱ्यापासून ४५ फूट, माणसाच्या तिप्पट दूर. दुसऱ्यात ६० फूट, म्हणजे दुप्पटच. म्हणून दुसऱ्यात तो दीडपट मोठा आणि माणसाच्या पाठीला चिकटलेला वाटतो. भिंग फक्त चौकट कापतं. जवळ-लांबचं नातं ठरवतं ते कॅमेऱ्याचं अंतर.

२०२० च्या साथीत डेन्मार्कच्या दोन छायाचित्रकारांनी तीच माणसं दोन प्रकारच्या भिंगांनी टिपून दाखवली. दुरून लांब भिंगाने घेतलेल्या फोटोत ती खेटून उभी दिसली, जवळून रुंद भिंगाने घेतलेल्या फोटोत अंतर राखून.

आपल्या मोहल्ल्यांतल्या, बाजारांतल्या, मशिदीबाहेरच्या गर्दीचे फोटो मोबाइलवर फिरतात. जत्रेचे, कुंभमेळ्याचेही फिरतात. फोटो खरा असतो, पण त्यावरून लोकांवर ठेवलेला ठपका खरा असेलच असं नाही. पुढे पाठवण्याआधी एवढं विचारावं : हा किती दुरून घेतलाय?