पडद्याकडून पडद्याकडे : बाबूराव पेंटर

ज्याची बहुतेक निर्मिती नष्ट झाली आहे, अशा कलावंताचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न भारतीय मूकपटाच्या इतिहासात वारंवार उभा राहतो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या बाबतीत तो विशेष तीव्रतेने जाणवतो.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. ‘पेंटर’ ही व्यवसायाने दिलेली ओळख. नात्यातील आनंदराव मेस्त्री यांच्यासमवेत ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहिल्यावर दोघांनाही चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा त्यांनी तो स्वतःच घडविण्याचे ठरविले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. उरलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेले भांडवल आणि शाहू महाराजांचा आश्रय यांच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

‘सैरंध्री’ (१९२०) हा तिचा पहिला चित्रपट. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कीचकवधाचे दृश्य तर इतके खरे उतरले, की ते वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. नाटकाचे पडदे रंगविण्यात हयात घालवू शकला असता, अशा या चित्रकाराने चित्रपटातून मात्र रंगविलेला पडदा हटविला आणि त्या जागी लांबी, रुंदी व खोली असलेले नेपथ्य उभे केले. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) त्याने रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश योजिला.

याच दृष्टीची स्वाभाविक परिणती म्हणजे ‘सावकारी पाश’ (१९२५). नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात देवदेवता नाहीत, राजे नाहीत. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला आणि पोटासाठी शहरातील गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यात आहे. ती भूमिका व्ही. शांताराम या तरुणाने केली. झोपडी आणि अंधारात रडणारे कुत्रे, एवढ्याच सामग्रीतून साधलेले त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. आज तो मूकपट उपलब्ध नाही. उरली आहे ती ही आठवण.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूची संस्था लवकरच थांबली. शिष्यांची भरभराटीस आली. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला. त्याच वर्षी बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, बोलपटाच्या रूपात, सादर केला. मात्र बोलपटाच्या युगात त्यांना पूर्वीचे स्थान लाभले नाही.

तरीही त्यांचे कार्य केवळ हरवलेल्या फितींनी मोजता येणार नाही. ‘संत तुकाराम’मधील साध्या घराला, अंगणाला आणि माणसांना जो सच्चेपणा आहे, त्याची शिकवण कोल्हापुरातील त्या कार्यशाळेत मिळालेली होती. बाबूरावांचे चित्रपट काळाने नेले. त्यांनी घडविलेली दृष्टी शिष्यांच्या कृतींत राहिली.