दाखला मागून आला

परवा आईची पत्र्याची ट्रंक आवरताना माझा गावच्या शाळेचा दाखला सापडला. प्रवेशाची तारीख जून १९८२. आधीची शाळा मुंबई महापालिकेची. घरच्यांना ही गोष्ट पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतो.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमचे दादा. मे महिन्यात त्यांनी आम्हाला लालबागहून पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी धाडलं. माळशेज घाट चढून टाकळी ढोकेश्वरला एस.टी.तून उतरलो, ते सुट्टीपुरतं म्हणून. जून उजाडला तरी संप मिटेना.

फीचा प्रश्न नव्हता. महापालिकेची शाळा काय, जिल्हा परिषदेची काय, प्राथमिक शिक्षण फुकटच. अडचण दाखल्याची होती. तो मुंबईत राहिलेला.

आजी मला हाताला धरून शाळेत घेऊन गेली.
"संप मिटला की याचा बाप आणील दाखला, गुरुजी."
"आन् तवर पोरानं काय ढोरं वळायची? बसू द्या वर्गात. कागद येईल मागनं."

माझ्याच चाळीतला एक मित्र दुसऱ्या तालुक्यात गेला होता. तिथे दाखल्याशिवाय घेतलं नाही. तो शेळ्यांमागे लागला, तो पुन्हा शाळेत बसलाच नाही. दोघंही तिसरीत होतो...

मोफत शिक्षण म्हटलं की आपल्याला बडोद्याचे सयाजीराव (१९०६) आणि कोल्हापूरचे शाहू महाराज (१९१७) आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण बाहेरगावाहून आलेल्या पोराला नुसती फीमाफी पुरत नाही. गुरुजींनी जे केलं ते कायद्यात यायला २००९ साल उजाडलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे कलम ९ने स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य ठरवलं. १ एप्रिल २०१०पासून हा कायदा लागू आहे. २०२०च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसं गावाकडे परतली, तेव्हा मला हीच कलमं आठवत होती. आणि तो मित्रही.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. दाखला मात्र दसऱ्यानंतर आला. त्या जूनच्या तारखेवर बोट ठेवून मी आईला विचारलं, "तुला आठवतं का गं?"

ती म्हणाली, "दादा दाखला घेऊन आले, तेव्हा तू सतराचा पाढा म्हणत होतास."