मुळशीच्या गोष्टीत परग्रहवासी कोण?

माझ्या पीएचडीचा विषय विज्ञानकथा आणि वसाहतवाद. मग तू मुळशी धरणाचे जुने कागद का चाळतोयस, असं परवा एकाने विचारलं. तुम्हालाही तो प्रश्न पडला असेल, म्हणून ही पोस्ट.

एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) आठवा. मंगळावरून प्रगत यंत्रं घेऊन हल्लेखोर येतात. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे किडामुंगी. पण पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाची आठवण काढतो. तिथल्या मूळ रहिवाशांचं युरोपीयांनी काय केलं? इंग्रज वाचकाला तिथे हल्लेखोरात स्वतःचाच चेहरा दिसतो. २००९ च्या 'अवतार' सिनेमातही खाणीसाठी जंगल उद्ध्वस्त करणारी कंपनी माणसांचीच आहे, पण प्रेक्षक पहिल्या तासातच नावी लोकांच्या बाजूला जाऊन बसतो आणि निवांत मनाने घरी येतो. (सिनेमा मला आवडतो, हेही सांगून टाकतो.)

आता मुळशी. मुळा-निळेच्या संगमावर टाटा कंपनीचं धरण, पाणी घाटाखाली भिऱ्याला, तिथली वीज मुंबईला. बुडणार होती मावळ्यांची भातखाचरं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. नेते सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे. घोषणा 'जान किंवा जमीन'.

माझ्या पहिल्या मसुद्यात गोष्ट सरळ होती: सरकार जुलमी, मावळे पीडित, बाकी कोणी नाही. सरांनी समासात एवढंच लिहिलं, "वीज कोणी वापरली?"

तिथे मी अडकलो. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा इंग्रजांचा, पण कंपनी देशी. विजेची वाट बघणारी मुंबईही आपलीच. त्यात बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे. राजेंद्र व्होरांनी मुळशीवरच्या पुस्तकात दाखवलंय की सावकारांनी मोबदल्याची वाट धरली आणि कसणारे एकटे पडले. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी रेल्वे अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच.

तुम्ही अभ्यासाला कुठलीही आक्रमणाची कथा घ्याल तेव्हा लुटीचा माल शेवटी कोणाच्या घरात पोचतो ते बघा. ते घर बहुतेक कथांमध्ये नसतंच. माझ्या मसुद्यातही नव्हतं, आणि तो मसुदा मी पुण्यात, दिव्याखाली बसून लिहिला होता.

प्रकरण आता नव्याने लिहितोय. सरांचा समासातला प्रश्न त्याचा मथळा झालाय.