गणिताच्या गोळीची कुळकथा

वसई-विरारकडील एखाद्या अतिचंचल मुलासाठी मानसोपचारतज्ज्ञाने मिथाइलफेनिडेटची गोळी लिहून दिली, म्हणजे ती चिठ्ठी दोन प्रतींत असावी, त्यांतील एक प्रत औषधविक्रेत्याने दोन वर्षे दप्तरी ठेवावी, माल स्वतंत्र कपाटात कुलूपबंद असावा आणि या साऱ्यासाठी त्याने वेगळा परवाना काढलेला असावा, असा १९४५ च्या औषधनियमांतील ‘एक्स’ अनुसूचीचा दंडक आहे. तसला परवाना दर दुकानी नसतो. तेव्हा चिठ्ठी घेऊन नालासोपारा ते वसई रोड हिंडणारा बाप, पोराच्या गोळीला सरकारी खजिन्याचा बंदोबस्त कशासाठी, या विचाराने धास्तावतो. बंदोबस्ताचे कारण तिच्या कुळात आहे, कारण ती अँफेटामीनच्या भाऊबंदांपैकी. आणि बालकांच्या औषधांत या घराण्याचा शिरकाव झाला तो, नवल असे की, डोकेदुखीच्या वाटेने.

एका जागी बूड न टेकणारी, सांगितलेले अर्ध्यावर सोडून भलतीकडे धावणारी मुले वैद्यकास तोवर अपरिचित होती असे नव्हे. लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालवैद्याने १९०२ साली व्याख्यानांतून त्यांचे वर्णन केले होते. परंतु दोष त्याने ‘नैतिक नियंत्रणा’त पाहिला, आणि उपाय म्हणावा असे त्याच्या हाती काही नव्हते.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथे एमा पेंडल्टन ब्रॅडली नावाच्या मुलीस सातव्या वर्षी मेंदूच्या दाहाने गाठले व ती जन्माची अधू झाली. तिच्या वडिलांनी मृत्युपत्रान्वये आपली मिळकत अशा मुलांसाठी लावून दिली, आणि तीतून १९३१ साली उघडलेल्या रुग्णालयात त्याच घराण्यातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम पाहू लागला. मेंदूचे चित्र घ्यावयाचे तर त्या काळी कण्यात सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढीत व त्या जागी हवा भरीत, म्हणजे क्ष-किरणांत मेंदूतील पोकळ्या उमटत. पण या प्रकारानंतर मुलांची डोकी असह्य ठणकत. गेलेले पाणी लवकर भरून यावे या अपेक्षेने ब्रॅडलीने बेन्झेड्रिन हे अँफेटामीनच्याच कुळातील उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा म्हणण्यासारखा गुण आला नाही. मात्र वर्गातून शिक्षकांचे सांगणे येऊ लागले की, काही मुले अचानक अभ्यासास बसू लागली आहेत. मग त्याने ३० मुलांस आठवडाभर ते औषध देऊन १९३७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: १४ जणांच्या अभ्यासात ठळक सुधारणा झाली, आणि उत्तेजक घेऊन कित्येक मुले उलट शांत झाली. मुलांनी स्वतः त्या गोळ्यांस ‘गणिताच्या गोळ्या’ म्हटले. रोगाचे नाव तेव्हापासून चारदा तरी बदलले असेल, परंतु रुग्णांनीच औषधाचे इतके नेमके वर्णन केल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

त्याच वास्तूत हर्बर्ट जॅस्पर मेंदूतील विद्युल्लहरींचे आलेख काढीत होता, आणि अशा मुलांच्या आलेखांवरील त्यांचा संयुक्त निबंध १९३८ साली निघाला. म्हणजे औषध आणि आलेख यांचा संसार एकाच छपराखाली सुरू झाला. तरीही आजतागायत या विकाराचे निदान आलेखावरून होत नाही. मेंदूचा पुढचा भाग अशा मुलांत सरासरीने काही वर्षे उशिरा पक्व होतो, हे २००७ च्या अमेरिकन चित्रणांनी दाखविले खरे, पण समूहाची सरासरी म्हणजे एका मुलाचा दाखला नव्हे. ‘मेंदूचा फोटो काढून एकदा काय ते सांगा’ असा आग्रह धरणाऱ्या पालकांस हे पटत नाही, आणि त्या आग्रहावर दुकान थाटणारेही भेटतात.

मिथाइलफेनिडेट स्वतः पुढचे. बाझलच्या सीबा कंपनीतील लेआंद्रो पानिझोन याने ते १९४४ साली घडविले आणि पत्नी मार्गरीट हिच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ म्हटले. ते डोपामीन व नॉरअ‍ॅड्रेनलीन ही रसायने पेशींत परत शोषली जाऊ देत नाही, हा उलगडा मागाहूनचा. गुण आधी आला, उपपत्ती नंतर.

इकडे मुंबईकडे १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली, आणि त्याच वर्षी नागपाड्यास सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. त्याने १९३७ साली, म्हणजे ब्रॅडलीच्याच वर्षी, मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र उघडले. देशातील ते पहिले गणले जाते. त्याची परंपरा गोळीची नव्हे, चौकशीची होती: मूल घरी कसे वागते, शाळेत कसे, आई कोणत्या कारणाने कावते. उगम भिन्न असलेल्या या दोन्ही धारा आज एकाच तपासणीच्या खोलीत येतात. वसईहून दादर गाठून परळच्या इस्पितळात बसलेल्या आईसमोर प्रथम येते ती प्रश्नावली, शिक्षकांसाठी निराळी व पालकांसाठी निराळी. लक्षणे बाराव्या वर्षाआधीची आहेत काय, सहा महिने टिकली आहेत काय, घर व शाळा दोन्हीकडे दिसतात काय, हे पाहिल्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. मूल सहा वर्षांखालील असेल तर आधी आईबापांस वळण शिकवितात: एका वेळी एकच सूचना, तीही मुलाच्या नजरेस नजर देऊन, आणि ती पाळली की शाबासकी तत्क्षणी. गोळी सुरू झालीच तर ती सकाळी देतात, कारण सायंकाळी दिल्यास झोप उडते. दुपारचा डबा अर्धा परत येऊ लागतो, म्हणून दर खेपेस वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नोंद करावी लागते.