दहा गुणांचा दिवस : नॉरफोक बेट ते स्प्रिंगफील्ड

२५ मे १८४०. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस सुमारे १,४०० किलोमीटरवर प्रशांत महासागरात वसलेले नॉरफोक बेट. ब्रिटिश साम्राज्याने ‘सुधारण्यापलीकडचे’ ठरविलेले कैदी येथे आणून टाकले जात. त्या दिवशी राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त नव्या अधिकाऱ्याने तुरुंगाची दारे उघडली. कैदी दिवसभर बेटावर हिंडले, लिंबाच्या सरबतात मिसळलेली थोडी रम प्यायले, त्यांनी नाटक केले, रात्री आतषबाजी पाहिली. मग सगळे निमूटपणे कोठड्यांत परतले.

हा अधिकारी म्हणजे अलेक्झांडर मॅकॉनकी. नौदलातला स्कॉटिश कप्तान, लंडनमधील भूगोलाचा प्राध्यापक. आणि येथे महत्त्वाचे म्हणजे, नेपोलियनच्या युद्धांत फ्रेंचांच्या कैदेत वर्षे काढलेला माणूस. बंद दाराची आतली बाजू ठाऊक असलेले तुरुंगाधिकारी इतिहासात थोडेच सापडतात.

त्याची कल्पना अशी : शिक्षा वर्षांत न मोजता श्रमांत मोजावी. ७ वर्षांच्या शिक्षेस ६,००० गुण, १० वर्षांच्या शिक्षेस ७,०००, जन्मठेपेस ८,०००. दिवसभराच्या चोख कामाचे साधारण १० गुण. गैरवर्तन केल्यास फटक्यांऐवजी गुण कापावयाचे. अधिकचे अन्न वा चीजवस्तू हवी असल्यास गुण खर्चावयाचे. पुढे सहा-सहा जणांचे गट करावयाचे आणि एकाच्या चुकीची झळ सहाही जणांना बसू द्यावयाची. वर्तनवादी मानसशास्त्राचा जन्म व्हायला अजून सत्तर वर्षे होती. पण बक्षिसाने वर्तन घडते हे त्याचे मूळ सूत्र या हिशेबवहीत आधीच उतरले होते.

घोडे अडले ते वचनापाशी. बेटावरील जुन्या कैद्यांना ही पद्धत लागू करू नये, असा वरून आदेश होता. मॅकॉनकीने तो मानला नाही. परंतु त्यांची शिक्षा कमी करण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. त्यांनी घाम गाळून मिळविलेल्या गुणांना सरकारदरबारी किंमतच नव्हती. १८४३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज गिप्स स्वतः बेटावर आला आणि तेथील शिस्त पाहून प्रभावित झाला. तोवर मॅकॉनकीला परत बोलावण्याचा निर्णय लंडनमध्ये झालेला होता. १८४४ मध्ये तो गेला आणि चाबूक परतला. १ जुलै १८४६ रोजी, कैद्यांची स्वयंपाकाची भांडी जप्त केल्याच्या निमित्ताने, बंड उसळले. १३ ऑक्टोबरला १२ जण फासावर गेले.

गुणांची कल्पना मात्र मेली नाही. १८५० च्या दशकात वॉल्टर क्रॉफ्टनने ती आयर्लंडच्या तुरुंगांत रुजविली. आपल्याकडच्या १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम ५९ सवडीने वाचा : गुण देणे आणि शिक्षा कमी करणे यांविषयी नियम करण्याचा अधिकार तेथे आढळेल.

आता १९७२ मधले अमेरिकेतील मिसुरी राज्य. स्प्रिंगफील्डच्या संघीय तुरुंग-रुग्णालयात ‘स्टार्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. यावेळी मागे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून वाढलेले शास्त्र होते. इतर तुरुंगांना न आवरणारे कैदी त्यांची संमती न घेता येथे आणले जात. पहिल्या पायरीवर जवळजवळ संपूर्ण एकांतवास, पुस्तकेही बंद. ‘चांगले दिवस’ साठत गेले की काढून घेतलेले एकेक परत मिळे.

वरवर पाहता हीच मॅकॉनकीची वही. माझ्या मते मात्र ती उलटी धरलेली होती. मॅकॉनकीने दार आधी उघडले आणि हिशेब नंतर मांडला. स्प्रिंगफील्डमध्ये माणसाचे होते-नव्हते ते आधी हिरावले आणि तेच त्याला बक्षीस म्हणून दाखविले. कैद्यांनी न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी १९७४ मध्ये सरकारने कार्यक्रम गुंडाळला, त्यामुळे बहुतेक प्रश्न न्यायालयाने निकालाविना सोडले. एक मात्र त्याच वर्षी ठरले : अशा कार्यक्रमात धाडण्यापूर्वी कैद्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागेल, मग सरकार त्याला उपचार म्हणो वा आणखी काही.