‘द मूनस्टोन’ आणि नागपूरकरांचा जामदारखाना

विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ साली ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. टी. एस. एलियट यांनी तिला आधुनिक इंग्रजी गुप्तहेरकादंबऱ्यांत पहिले स्थान दिले. तिच्या रचनेची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि रायपूरच्या इतिहासासमवेत ही संहिता वाचली असता, ती गुन्हा कशास मानते, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

कादंबरीचा आरंभ १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या पाडावाने होतो. जनरल बेअर्ड लूट करणाऱ्यास फाशीची ताकीद देतो, आणि हर्नकॅसल हा अधिकारी रक्षकांचा खून करून देवाचा हिरा हस्तगत करतो. म्हणजे येथे गुन्हा आहे तो हुकूम मोडून केलेल्या लुटीचा; वेढा व विजय यांची चौकशी होत नाही. पुढे १८४८ मध्ये हा हिरा यॉर्कशरमधील घरातून नाहीसा होतो, तेव्हा संशय प्रथम तीन ब्राह्मणांवर येतो. चोरी त्यांनी केली नाही हे सिद्ध होऊनही दंडाधिकारी त्यांना आठवडाभर तुरुंगात ठेवतो.

रायपूर हे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील छत्तीसगढचे ठाणे. १८१८ नंतर कॅप्टन अ‍ॅग्न्यू याने सुभ्याचे मुख्यालय रतनपूरहून येथे आणले. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्यासरशी छत्तीसगढही कंपनीच्या अमलाखाली गेले. बांकाबाईंचा विरोध न जुमानता राजवाड्यातील जवाहीर बाहेर काढण्यात आले आणि १८५५ मध्ये कलकत्त्यास त्याचा लिलाव झाला. विक्रीचे उत्पन्न भोसले कुटुंबाच्या निर्वाहनिधीसाठी आहे, असे सरकारी समर्थन होते. या व्यवहारात हर्नकॅसल कोठेच नाही. येथे आहेत त्या याद्या, मोजदाद, मूल्यांकन आणि जाहिरात. गुप्तहेराने पाठलाग करावा असा एकही फरारी इसम नाही.

कॉलिन्स यांनी आपल्या प्रस्तावनेत कोहिनूरच्या कथेचे ऋण मान्य केले आहे. तो हिरा १८४९ च्या लाहोर तहातील एका कलमान्वये इंग्लंडच्या राणीकडे गेला होता. कादंबरीत मात्र तहनाम्याची जागा खंजिराने घेतली आहे. रहस्यकथेस एक अपराधी लागतो. राज्ययंत्रणेच्या कृतीचे वैयक्तिक पापात रूपांतर झाल्यावाचून तिचे कथानक उभे राहत नाही. ही मर्यादा एकट्या कॉलिन्स यांची नसून त्या साहित्यप्रकाराच्या घडणीतच आहे.

कादंबरीचे निवेदन साक्षीदारांच्या जबान्यांसारखे अनेकांकडे सोपविलेले आहे. त्यांत त्या तीन ब्राह्मणांची जबानी नाही. तरीही शेवटी गॉडफ्रे एबलव्हाइटचा खून करून ते निसटतात, हिरा सोमनाथाकडे परततो आणि निवेदन त्यास मूक संमती देते. विजेत्यांच्या भाषेत लिहिणाऱ्या लेखकाने इतके मान्य करणे लक्षणीय होय.

म्हणूनच या कादंबरीवर केवळ वासाहतिकतेचा ठपका ठेवणे अपुरे आहे. हिरा कोणी चोरला, याचे उत्तर ती चोख देते. कायदेशीर कागदाने नेलेल्या वस्तूस चोरी म्हणावे काय, हा प्रश्न मात्र ती वाचकावर सोपविते; आणि नागपूरच्या जामदारखान्याचा इतिहास जाणणाऱ्या वाचकास तो टाळता येत नाही.